डाव्या घोड्याची बंदूक

मी डावरा आहे. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोला ठाऊक नाही, मुलांना ठाऊक नाही, ज्या सिनेमा कंपनीत निम्मं आयुष्य काढलं तिथल्या एकालाही ठाऊक नाही. जेवतो उजव्या हाताने, लिहितो उजव्या हाताने, प्रसाद घेतो तोही उजवाच हात पुढे करून. वडिलांनी लहानपणी माझा डावा हात उपरण्याने कमरेशी बांधून ठेवला आणि मला माणसांत आणलं. तेव्हापासून तो हात माझ्याजवळ घरात लपवून ठेवलेल्या नातेवाईकासारखा राहिला आहे. आईवडिलांखेरीज ही गोष्ट एकाच माणसाने ओळखली. त्याने ती ओळखली, झाकली, आणि तिच्यासाठी एक बंदूक घडवली. त्या बंदुकीवर माझी भाकरी उभी राहिली. तो माणूस म्हणजे फराशीसचाचा.

चाचांनी जन्मात काडेपेटी विकत घेतली नाही. बिडीची तलफ आली की ते भिंतीला टेकवलेली बंदूक मांडीवर आडवी घेत. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची फ्रेंच बंदूक. तिच्या उजव्या अंगाला घोडा असे, म्हणजे चोचीत गारगोटी धरलेली एक लोखंडी मान. चाप ओढला की ती मान पुढच्या पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या उडत आणि खालच्या एवढ्याशा वाटीत पडत. लढाईत त्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू घालत. चाचा कापूस घालायचे. कापूस धुमसला की त्यावर बिडी टेकवून दोन झुरके, आणि बंदूक परत भिंतीला. ज्या हत्याराच्या धाकाने कधीकाळी पलटणी पळाल्या असतील, त्याच्याकडे एका म्हाताऱ्याची बिडी पेटवण्याचं काम आलेलं. कुणी म्हणालं, “चाचा, काडी देऊ का?” की ते तोंड वाकडं करून म्हणत, “काडीला गंधकाचा वास येतोय. बिडी नासती.”

आपल्याकडचे जुने लोक फ्रेंचांना फराशीस म्हणत, त्यावरून चाचांचं हे नाव. चाचांचं घराणं शिकलगाराचं, हत्यारांना धार आणि पाणी देणारं. त्यांच्या आज्यापासून सरकारी शिलेखान्यातल्या, म्हणजे हत्यारांच्या कोठारातल्या, जुन्या फ्रेंच बंदुका त्यांच्याच घरच्या हातांनी पुसल्या जात, तेल खात, दसऱ्याला झेंडूची माळ घालून ओळीने उभ्या राहत. त्या बंदुका आपल्याकडे कशा आल्या याची चाचांची एक कथा होती. ती दर वेळी थोडी बदलायची. कधी त्या गलबतातून उतरल्या, कधी कुण्या फराशीस कप्तानाने पगार थकला म्हणून गहाण टाकल्या. शेवट मात्र ठरलेला. “लांबच्या पोरी हाईत ह्या. हिकडं नांदाय आल्या त्या आल्या. माहेरचं कोण बघाय म्हणून आलं न्हाय.” घोड्याखालच्या लोखंडावर फ्रेंच अक्षरं कोरलेली होती. चाचांना कुठलीच लिपी वाचता येत नसे. पण बंदूक पुसताना त्या अक्षरांवरून ते अंगठा इतका हळू फिरवत की जणू लेकीच्या कपाळावरचं गोंदण पुसलं जाईल.

तेव्हा गादीवर जे महाराज होते, त्यांचं नाव निघालं की कोल्हापुरात आजही माणूस बसल्या जागी सावरून बसतो. त्यांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. गावात सिनेमा काढायचं वेड नवं नवं आलेलं होतं. आमच्या कंपनीचे मालकच गोष्ट लिहीत, तेच शिकवत, तेच रागावत, आणि शनिवारी तेच पगार वाटत. त्यांनी गडकोटांवरचा एक मूकपट काढायला घेतला आणि खटपट करून शिलेखान्यातल्या फ्रेंच बंदुका मागून आणल्या. बंदुकांबरोबर त्यांच्या देखरेखीला चाचा आले. गुळाच्या अड्ड्यावर ढेपा उचलणारा मी, दंड बरे होते म्हणून शिपायांच्या ओळीत आलो. घरी आई आणि मी. वडील नुकतेच गेलेले. कंपनीतली नोकरी सुटली तर परत ढेपा.

एका शिकलेल्या गृहस्थांनी मालकांना सांगितलं की गोष्ट ज्या काळातली आहे त्या काळात ह्या बंदुका नव्हत्याच, ह्या पुढे पुष्कळ वर्षांनी आल्या. मालकांचा चेहरा उतरला. चाचा शेजारी बसून कापूस पिंजत होते. “मालक,” ते म्हणाले, “तुमच्या पडद्यावर माणसंच बोलत न्हाईत, बंदूक कुठली साल सांगाय बसलीया?” मालक हसले, ते गृहस्थही हसले, आणि बंदुका राहिल्या. नंतर चाचांनी छायाचित्रकाराला बाजूला घेऊन विचारलं, “का हो, ही फिल्म फराशिसाच्या मुलखात जाती का? ह्यांच्या माहेरच्यांनी एकदा बघितलं असतं.”

पहिल्याच दिवशी मालकांनी आमच्यातल्या एकाला ओळीतून बाहेर काढलं. त्याने बंदूक डाव्या खांद्याला लावली होती. “ओळीत एकाचं तोंड भलतीकडं? फौज हाय का जत्रा?” मालक ओरडले. “उजव्या हातानं जमत नसंल तर घरी बस.” तो बिचारा खरोखरच घरी गेला. मी माझी बंदूक हळूच उजव्या खांद्यावर घेतली आणि त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले.

उजव्या हाताने मी जेवू शकतो, पण नेम धरू शकत नाही. उजवा डोळा मिटतो, मान आखडते, आणि चाप ओढायच्या आधीच सगळं अंग दचकतं. बंदुकीत गोळी नसायची, नुसती दारू. तरी ठिणगी पडली की माझे दोन्ही डोळे घट्ट मिटत. मूकपटात मिटलेले डोळे म्हणजे भ्यालेला शिपाई. मालकांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नुसतं बघितलं. घाबरून मी एकदा कुणी बघत नाही असं पाहून बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि बार काढला. घोडा उजव्या अंगाला, म्हणजे आता तो थेट माझ्या तोंडासमोर. रंजकाचा भडका उडाला आणि माझी भुवई करपली.

कुणी बघत नाही असं मला वाटलं होतं. चाचा झाडाखाली बंदुकीच्या गारा, म्हणजे गारगोट्या, पारखत बसले होते. ते पारखणं म्हणजे गार कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारायची. “बोलती ती चांगली,” असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला हाक मारली. “ए पावणं, हिकडं ये. भुवई कुठं टाकली?” मी जवळ गेलो. “धर,” म्हणाले, आणि हातातली गार माझ्या अंगावर फेकली. मी झेलली. लगेच दुसरी फेकली. तीही झेलली. मग ते माझ्या हाताकडे बघत राहिले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन्ही गारा माझ्या डाव्या मुठीत होत्या.

“व्हय रं,” चाचांचा आवाज एकदम खाली आला, “कुणाला म्हाईत हाय?”

“आईला. बाकी कुणाला नाही.”

“मग मला बी न्हाय.” आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “अरं भुवईला लोणी लाव जा! बंदूक हाय ती, आरसा न्हवं, तोंड घालून बघाय!”

सगळे हसले. त्या हशात माझी लाज वाहून गेली. माणसाला वाचवायचं तर त्याच्या अब्रूवर एक छोटासा विनोद पांघरावा, ही चाचांची पद्धत होती. ती पद्धत मला आजवर जमलेली नाही.

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. गंगावेशीच्या आतल्या बोळात त्यांचं घर. अंगणात भाता, ऐरण, कानशी. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक शरिफा घर बघायची. तिचं लग्न हुपरीला ठरलेलं होतं आणि जायच्या आधी बापाला शिस्त लावायची असा तिने पण केला होता. चाचांनी शिलेखान्याच्या मोडीतून एक निकामी नळी आणि मोडके भाग मागून आणले होते. वापरून परत करायच्या बोलीवर. ते त्यांनी माझ्यापुढे मांडले आणि म्हणाले, “फराशिसानं समद्या बंदुका उजव्या हाताला केल्या. त्याच्या मुलखात डावरं जन्मत न्हाई वाटतं. आपण एक डावी करू.”

डावी म्हणजे नुसता घोडा काढून पलीकडे बसवायचा नाही. आरशात दिसतं तसं सगळं उलट करायचं. घोड्याची मान उलट वळणाची, वाटी पलीकडे, पट्टी पलीकडे, आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, उलटी, आग आत जाते ते नळीचं जुनं छिद्र बुजवून दुसऱ्या अंगाला नवं. चाचांनी समोर एक चांगली बंदूक ठेवली, तिच्याशेजारी शरिफाचा आरसा टेकवला, आणि आरशात बघून काम सुरू केलं. शरिफा चहा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अब्बा, परसातल्या दाराची कडी पावसाळ्यापासनं लागत न्हाय. आणि बंदुकीला नवा घोडा? आणि वर माझा आरसा?”

“दाराला काय, कुत्रं आलं तर तू हाईस की.”

“मी हुपरीला गेल्यावर?”

“मग कुत्र्याला बी कोण इचारतंय.”

ती हसली नाही. चहा ठेवून आत गेली. चाचांनी आरसा फडक्याने पुसून पुन्हा नीट टेकवला. मग कानस उचलून म्हणाले, “एक सांगतो गड्या. आजवर दुसऱ्याच्याच बंदुका पुसल्या. आज्यानं पुसल्या, बानं पुसल्या, मी पुसल्या. माझी म्हणून केलेली ही पहिली. आणि काम झालं की मोडाय लागणार, लोखंड परत द्यायचंय. पडद्यावर ऱ्हाईल तेवढीच.” तेव्हा मला कळलं की ह्या खटपटीत माझी नोकरी होती तशी त्यांचीही एक गोष्ट पणाला लागलेली होती. आयुष्यात एकदा आपलं काम आपल्या डोळ्यांनी पडद्यावर बघायचं, एवढीच.

पण डावी बंदूक मालकांपुढे न्यायची कशी? त्याचा बेत चाचांनी आधीच केला होता. शेवटच्या प्रसंगात एकटा पहारेकरी बुरजावरून इशारतीचा बार काढतो. मालक जागा बघायला पन्हाळ्यावर गेले तेव्हा चाचा सोबत होते. एका अडचणीच्या बुरजावर उभे राहून ते म्हणाले, “मालक, हितनं लई झ्याक दिसतंय.” दिसत होतंच. खाली सगळा मुलूख पसरलेला. मालक भुलले. कॅमेरा आणून लावायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की उजवीकडे थेट दरी आहे, तिवई ठेवायला वीतभर जागा नाही. कॅमेरा डावीकडेच लागणार. आणि डावीकडून घोडा दिसत नाही, ठिणगी दिसत नाही. तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता, ठिणगी आणि धूर हाच आमचा आवाज. मालक डोक्याला हात लावून बसले.

“त्यात काय एवढं,” चाचा म्हणाले. “माझ्याकडं एक हाय डाव्या घोड्याची. पर मारणारानं बी डाव्याच खांद्याला लावाय पायजे.”

“अहो पण ते कुणाला जमणार?”

चाचांनी ओळीवरून नजर फिरवली. माझ्यावर येऊन थांबली, पुढे गेली, पुन्हा मागे आली. नट आम्ही होतो, पण नाटक त्यांना येत होतं. “हे येडं न्यावं. हात हलका हाय ह्याचा. चार दिस द्या, शिकवतो.”

ते चार दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. पन्हाळ्यावर तटाच्या आडोशाला आम्ही दोघे बसायचो, शेंगा आणि गूळ खायचो. शिकवण्यासारखं काही नव्हतंच. मी बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि ती माझ्या गालाला अशी येऊन टेकली की जणू ती जागा तिच्यासाठीच राखलेली होती. वडिलांनी हात बांधला तेव्हापासून पहिल्यांदा माझं सगळं अंग एका बाजूला उभं राहिलं. मला रडू आलं. चाचा शेंग फोडत म्हणाले, “रडतोस काय लेका? शिकतोयस न्हवं? मान हलव जरा, मालक बघत्यात.”

त्या बंदुकीत ठिणगी पडणं आणि बार होणं यांच्यामध्ये एक क्षण जातो. रंजक पेटतं, आग छिद्रातून आत शिरते, मग नळी बोलते. नवखा माणूस त्याच क्षणाला हलतो. चाचा म्हणत, “ठिणगी पडली आणि बार झाला न्हाय, त्या मधल्या टायमाला मानूस कळतो. तवा घाई करू नगं. नुसता ऱ्हा.” बुरजावर मी तसा नुसता राहिलो. छायाचित्रकार तोंडाने आकडे मोजत हँडल फिरवत होता. ठिणगी पडली, माझे डोळे उघडे राहिले, बार झाला, धूर दरीवर गेला. मालकांनी टोपी काढून हवेत उडवली आणि ती दरीत पडली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ती बंदूक मोडली. नळी गरम पाण्याने धुतली, भाग सुटे करून फडक्यात बांधले आणि शिलेखान्यात नेऊन दिले. मी म्हटलं, “चाचा, वाईट नाही वाटत?” ते म्हणाले, “वाटतंय की. पर बोली म्हंजे बोली.”

कंपनीत फिल्मचे तुकडे जोडायचं काम नेमूअण्णा करत. जैन समाजातले, अतिशय टापटिपीचे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत असत, त्यामुळे पन्हाळ्यावर काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी बुरजावरचा तुकडा उजेडाला धरला. सगळ्या फौजेच्या बंदुकांचा घोडा उजवीकडे आणि ह्या एकाचाच डावीकडे? अण्णांनी सरळ हिशेब केला की तुकडा पलटी झाला आहे. त्यांनी तो सुलटा करून, म्हणजे उलटा करून, जोडून टाकला. प्रती तशाच निघाल्या.

पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. आई होती, चाचा होते, शरिफाला त्यांनी मुद्दाम आणलं होतं. तुतारीवाल्याने पडद्याशेजारी तुतारी फुंकली आणि बुरजावर मी आलो. बंदूक उजव्या खांद्याला! घोडा उजवीकडे! ठिणगी पडली, डोळे उघडे, बार झाला. लोकांनी टोप्या उडवल्या, शिट्ट्या मारल्या. मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “झकास! आणि हे बरं झालं, ओळीत शोभला.” आई तेवढी कुरकुरली. “ह्यो माझा न्हवं. ह्याच्या हनुवटीवरचा वण पलीकडं गेलाय.” मी गर्दीत चाचांना शोधलं. ते पडद्याकडेच बघत होते, बार होऊन गेला तरी, जणू पुढच्या दृश्यात तरी त्यांची बंदूक येईल.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “तुझं नाव झालं. झ्याक झालं. माझी बंदूक काय दिसली न्हाय.”

“दिसली की चाचा.”

“ती दिसली ती फराशिसाची. माझी डाव्या घोड्याची हुती.” आणि मग माझ्या दंडाला धरून, “तेवढा तुकडा पलटून एक डाव दाव म्हणावं. एकच डाव. डोळं हाईत तवर. पर तू सांग हं. मी न्हाय कुणाला बोलायचा. गुपित तुझं हाय.”

मी हो म्हटलं. आणि खरोखरच गेलो नेमूअण्णांच्या खोलीत. “अण्णा, तो बुरजावरचा तुकडा…” एवढंच म्हटलं तर अण्णांचा चेहरा फुलला. “तो ना? उलटा आलेला! बरं माझं लक्ष होतं, न्हाईतर गाव हसलं असतं. घोडा डावीकडं, काय सांगू तुला!” त्या आनंदावर मी काय बोलणार होतो? पलटा म्हटलं तर का म्हणून विचारतील. चाचांची हौस म्हणून सांगितलं तर मालक म्हणतील, एवढा खटाटोप कुणासाठी. मग कुणीतरी म्हणेल, बघू, पुन्हा उजव्या हाताने बार काढून दाखव. मी घाबरलो. “हो, बरं झालं,” म्हटलं आणि बाहेर आलो.

त्या एका बारावर मला पुढच्या चित्रात काम मिळालं, त्याच्या पुढच्यातही. बंदुकीचं काम आलं की मी काहीतरी निमित्त काढून तलवार मागून घ्यायचो, तलवार उजव्या हाताने कशीबशी निभायची. पगार वाढला, लग्न झालं. चाचांकडे जायचो. पहिल्या वर्षी त्यांनी दोनदा विचारलं, “झालं का रं बोलणं?” मी म्हणायचो, “पुढच्या खेळाला सांगतो.” मग त्यांनी विचारणं सोडलं. मी गेलो की नुसतं म्हणायचे, “जेवलास का?” आणि नसलो तरी मी हो म्हणायचो. त्यांच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं. गारा मात्र कानाने पारखायचे. पुढे शरिफा येऊन त्यांना हुपरीला घेऊन गेली. मी निरोपाला गेलो तेव्हा त्यांनी माझा डावा हात हातात घेतला आणि कुणी येतंय असं दिसताच सोडून उजवा धरला. शेवटपर्यंत त्यांनी माझं गुपित माझ्यापेक्षा जास्त जपलं.

मग बोलपट आले. जुन्या मूकपटांना कुणी विचारेना. एक दिवस नेमूअण्णांनीच सांगितलं की आपल्या सगळ्या जुन्या प्रती विकल्या, फिल्म धुऊन तिच्यातली चांदी काढतात म्हणे. मी कामावरून तसाच उठलो आणि हुपरीची मोटार धरली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. चाचा, आता दाखवता येणार नाही, एवढं तरी तोंडाने सांगावं असं वाटलं असेल.

हुपरीला शरिफाचं घर लगेच सापडलं. जावई चांदीच्या भट्टीवर होता. शरिफा पैंजणांना घुंगरू लावत बसली होती. मला बघून उठली, पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, “भाऊ, अब्बांना जाऊन लई दिस झालं. तुमास्नी कळवाय पायजे हुतं.”

पाण्याचा तांब्या मी तसाच खाली ठेवला. मग जे सांगायला आलो होतो ते तिलाच सांगितलं. तो तुकडा मी पलटून दाखवला नाही. बोललोच नाही कुणाला. आणि आता ती फिल्मच राहिली नाही.

“अवो, त्यांनी बघितली की ती!” शरिफा म्हणाली.

“कुठे?”

“हितंच. जत्रंत तंबू आलता. तुमचाच खेळ. माणूस मावत नव्हतं, म्हणून पोरंबाळं पडद्याच्या मागं बसवलीती. पातळ कापड, मागनं बी दिसतंय, फक्त समदं उलटं. अक्षरं उलटी आली की पोरं हसायची. अब्बांनी त्यो हसण्याचा आवाज ऐकला, का हसत्यात इचारलं, आणि मला म्हणालं, मला मागं घेऊन चल. मागं जाऊन पडद्याला नाक लावून बसलं. तुमी बुरजावर आला तवा उठून हुबं ऱ्हायलं. म्हणालं, ती बघ, ती माझी.”

पडद्याच्या मागून! कुणाची परवानगी नको, तुकडा पलटायला नको, गुपित फुटायला नको. चाचांचा हात धरून त्यांना पडद्याच्या पलीकडे नेऊन बसवायचं, एवढंच करायचं होतं. जन्मभर सिनेमात राहून मला ते सुचलं नाही.

“मग मला का नाही कळवलं?” मी विचारलं.

“मी म्हणलं हुतं. तर म्हणालं, नगं, त्याला वाटंल आपण दाखवाय पायजे हुती.” शरिफाने पैंजण खाली ठेवलं. “एक निरोप मातर दिलाय. त्यो कवा आला तर सांग म्हणालं, त्या बाजूनं बघितलं तर समदी फौजच डावरी हाय. तू एकटा न्हाईस.”

मी आज हे सगळं लिहून काढलं, ते त्या निरोपाच्या जोरावर. घरातले वाचतील, कंपनीतले वाचतील. चाचांमुळे मला काम मिळालं, घर मिळालं, आणि आता थोडी हिंमत मिळाली आहे. त्या तंबूत पडद्याच्या मागे मी त्यांच्या शेजारी बसायला हवं होतं. तेवढं मी त्यांना देणं लागतो.